सुट्टी झाल्यानंतरचे नऊ दिवस

आमच्या मोठीआईला चंद्रपुरातील एका खाजगी दवाखान्यातून सुट्टी झाली ती २०२३ च्या मार्च महिन्यातील एका शुक्रवारी. आणि नवव्या दिवशी, रविवारच्या पहाटे, ती पुन्हा दवाखान्यात होती. मधल्या दिवसांत तिने एकही औषध चुकवले नव्हते. हे शेवटचे वाक्य आम्ही विचारपूर्वक लिहीत आहोत, कारण पुढे जे सांगायचे आहे ते सारे त्याच्या खरेपणावर उभे आहे.

मोठीआई म्हणजे आमच्या थोरल्या काकांची पत्नी. आमचे बरेचसे लहानपण तिच्या ओसरीवर गेले. गाव सावली तालुक्यात, वैनगंगेच्या अलीकडच्या अंगाला. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ पर्यंत हा सगळा मुलूख एकच जिल्हा होता, आणि मोठीआईच्या बोलण्यात तो अजूनही 'चांदा' आहे. काका गेल्यापासून ती एकटी राहते. वय सत्तरीला टेकलेले, आणि दमा तिच्या सोबतीला तीसेक वर्षांपासून.

दमा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'दम' म्हणजे श्वास. मराठीने तो घेतला आणि त्याचे इतके काही केले की मूळ मालकाने ओळखू नये. आपण दम धरतो, दम खातो, दम देतो, एखाद्याच्या बोलण्यात दम नसतो, एका दमात कादंबरी वाचून काढतो. आश्चर्य असे की या सर्व वाक्प्रचारांत श्वास हे सामर्थ्य आहे, आणि त्याच शब्दाला एक काना लागला की सामर्थ्याच्या अभावाचे नाव तयार होते. ग्रीकांचा 'अस्थमा'सुद्धा आधी रोग नव्हता. होमरच्या 'इलियड'मध्ये दगडाच्या घावाने खाली कोसळलेला हेक्टर धापा टाकतो, तेव्हा त्या धापेला हा शब्द आला आहे. तिथे धाप लागते ती वीराला, रणांगणावर, आणि देव त्याच्या मदतीला धावून येतात. आमच्या मोठीआईला ती लागते पहाटे तीनच्या सुमारास, बाजेच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेली असताना. आणि मदतीला येतो तो शेजारचा पोरगा, हातात मोबाईल घेऊन.

त्या शुक्रवारी तिला न्यायला आम्हीच गेलो होतो. चार दिवसांत तिचा चेहरा पुन्हा तिचा झाला होता. डॉक्टर सज्जन होते. घाईत होते, पण उद्धट नव्हते. त्यांनी आमच्या हाती एक कागद दिला, ज्याला आता खेड्यापाड्यांतही 'डिस्चार्ज कार्ड' असेच म्हणतात. कागद इंग्रजीत होता. रोगाचे नाव, तपासण्यांचे आकडे, दवाखान्यात दिलेली औषधे, आणि तळाशी, जिथे जागा संपत आली होती तिथे, घरी घ्यायची औषधे. स्टेरॉइडच्या गोळ्या पाच दिवस. 'रोटाकॅप' दिवसातून दोनदा, पुढे चालू. सात दिवसांनी पुन्हा दाखवणे.

आम्ही महाविद्यालयात मराठी साहित्य शिकवतो. संहितेचा अर्थ वाचकाच्या सहभागाशिवाय पूर्ण होत नाही, प्रत्येक संहितेत एक अभिप्रेत वाचक दडलेला असतो, हे आम्ही गेली कित्येक वर्षे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. त्या दिवशी आमच्या हातात अशी एक संहिता होती की जिचा अभिप्रेत वाचक दुसरा डॉक्टर होता, प्रत्यक्ष वाचक आम्ही होतो, आणि जिच्याविषयी ती लिहिली होती त्या बाईला वाचता येत नव्हते. हा प्रसंग आमच्या विषयाच्या अगदी गाभ्यातला होता. आम्ही कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि गाडीत बसल्यावर पिशवीतली औषधे दाखवून म्हणालो, "या गोळ्या पाच दिवस. आणि ही कॅप्सूल सकाळी एक, रात्री एक."

'ही कॅप्सूल.' शब्दांच्या नेमकेपणावर ज्याचे पोट चालते त्याने हा शब्द निवडला होता.

पिशवीच्या तळाशी प्लॅस्टिकचे एक लहानसे यंत्रही होते. रोटाकॅप म्हणजे गिळायची कॅप्सूल नव्हे. तिच्या कवचात कोरडी, अतिशय बारीक भुकटी असते. ती त्या यंत्राच्या भोकात बसवायची, यंत्र फिरवून कवच उघडायचे, मग तोंड लावून जोराने श्वास आत ओढायचा, आणि क्षणभर रोखून धरायचा. भुकटी थेट श्वासनलिकांत जाते. तीच कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली, तर औषध जठरात उतरते, तेथून यकृतात, आणि त्यातले स्टेरॉइड यकृत जवळजवळ सगळे मोडून टाकते. फुप्फुसापर्यंत पोचते ते नावापुरते. हे सारे आम्हांला आता ठाऊक आहे. तेव्हा अर्धे ठाऊक होते, आणि ते अर्धेही आम्ही बोललो नाही.

शनिवारपासून तिच्या गावच्या शिवारात मोह पडू लागला. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना याचे महत्त्व सांगायला हवे. मोहाची फुले वर्षातून जेमतेम तीन-चार आठवडे पडतात, तीही पहाटे. सकाळी उन्हे वर येण्याआधी वेचली नाहीत तर गुरे खातात, नाहीतर दुसरा कोणी वेचतो. सुकवून विकलेला मोह हे कित्येक घरांत उन्हाळ्यातले रोख रकमेचे पहिले साधन असते. शिवाय फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी जाळतात. मार्चअखेरीस चंद्रपूर-गडचिरोलीच्या कोणत्याही जंगलरस्त्याने पहाटे गेले, तर झाडांच्या बुंध्यांशी रेंगाळणारा हा निळसर धूर दिसतो. दुरून तो फार सुंदर दिसतो, हेही कबूल केले पाहिजे. आम्ही स्वतः एका जुन्या लेखात त्याचे वर्णन करून ठेवले आहे, आणि ते पुन्हा वाचायची आता इच्छा होत नाही.

मोठीआई तिसऱ्या दिवसापासून मोह वेचायला जाऊ लागली. आम्ही फोनवर रागावलो तेव्हा ती म्हणाली, "मोह काय आपल्यासाठी थांबते का बाबू?" आणि मग, आमची समजूत काढण्यासाठी, "दवा घेतो ना मी. सकारी एक, राती एक. कवाच चुकवली नाई."

ती खरे सांगत होती. आणि तिला बरेही वाटत होते, कारण पहिले पाच दिवस पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. दम्याचा झटका उतरला की रोगी मोकळा श्वास घेऊ लागतो, पण श्वासनलिकांच्या आतली सूज त्यानंतरही कितीतरी दिवस टिकून असते. त्या गोळ्या ही सूज दाबून धरतात. आणि त्या थांबल्या की ओढून घ्यायच्या औषधाने ते काम पुढे चालवायचे असते. म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हाती ओझे द्यावे तसे. सहाव्या दिवशी ओझे द्यायला कोणी नव्हते. औषध रोज दोनदा तिच्या पोटात जात होते आणि धूर रोज एकदा तिच्या छातीत.

सातव्या दिवशी पुन्हा दाखवायचे होते. तो शुक्रवार होता. आमच्याकडे तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि सोमवारी गुण भरायचे होते. मोठीआईला फोन केला, ती म्हणाली, "बरी हाव ना मी. सुट्टी देली ना त्यायनं, मंग आखीन कायले जायचं?" आम्हांला हवे होते तेच उत्तर मिळाले होते. मंगळवारी जाऊ, असे आम्ही ठरवले.

रविवारी पहाटे शेजारच्या मुलाने १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका नदीपलीकडच्या सरकारी दवाखान्यात गेली, कारण तो जवळ होता. आम्ही पोचलो तोवर तिच्या तोंडावर वाफेचा मुखवटा होता आणि नखांचा निळेपणा ओसरत होता. त्या मुखवट्यातून जी औषधे देतात त्यांपैकी एक धोतऱ्याचे चुलत भावंड आहे, हे आम्ही नंतर वाचले. धोतऱ्यातील द्रव्याचेच रसायनशास्त्राने केलेले सौम्य रूप. मोठीआई तरुणपणी दमा उपळला की धोतऱ्याच्या वाळल्या पानांची विडी ओढत असे. गावच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेला तो उपाय होता. दम्यावर धोतऱ्याचा धूर घेण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासकडून इंग्लंडात गेली, आणि पुढे शंभर वर्षे युरोपातले दमेकरी औषधी दुकानांतून धोतऱ्याच्या सिगारेटी विकत घेत राहिले. मार्सेल प्रूस्त त्यांतलाच एक. बुचाच्या फळ्यांनी मढवलेल्या त्याच्या खोलीविषयी आमचे विद्यार्थी परीक्षेत आवर्जून लिहितात, त्या खोलीत कसला धूर कोंडलेला असे हे मात्र आम्ही त्यांना कधी सांगितले नाही. असो. धोतरा अजूनही आमच्या गावच्या प्रत्येक उकिरड्यावर आहे. तो विषारी आहे आणि त्याच्या वाटेला कोणी जाऊ नये, हेही येथेच सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक सिस्टर आल्या. वयाने लहान, बोलण्यात त्याच झाडीपट्टीच्या. त्यांनी जुना कागद मागितला, वाचला आणि आम्हांला काहीही विचारले नाही. मोठीआईजवळ बसून त्या म्हणाल्या, "आजी, घरी ही दवा कशी घेत होता, मले दाखवा बरं."

मोठीआईने पाकिटातून एक कॅप्सूल काढून तळहातावर घेतली आणि आमच्याकडे पाहून पाणी मागितले.

वर्गात कित्येकदा असे होते की एखादा विद्यार्थी उत्तर देतो आणि त्या उत्तरातून कळते की गेले तीन आठवडे आपण काय शिकवले असे आपल्याला वाटत होते आणि प्रत्यक्षात काय शिकवले गेले. पण वर्गात त्याची किंमत एखाद्या गुणाने चुकती होते. आम्ही पाण्याचा पेला हातात धरून उभे राहिलो. सिस्टर हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी पिशवी उपडी केली, तळाचे यंत्र काढले आणि विचारले, "हे कायचं आहे आजी?"

"ते दवाखान्यातलं होय. जीव घाबरला का वढाचं."

म्हणजे पहिल्या दवाखान्यात तिला ते यंत्र कोणीतरी दाखवले होते. पण तिच्या लेखी ते वाफेच्या मशीनचे, ऑक्सिजनच्या नळीचे भावंड होते. जीव घाबरला तर वापरायचे. घाबरला नाही तर कशाला? आणि कॅप्सूल ही कॅप्सूल होती. तिने दोन वस्तूंचे जे वर्गीकरण केले होते ते पूर्णपणे तर्कसंगत होते. त्या दोन वस्तू मुळात एकच आहेत, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते. आणि 'कोणी' या सर्वनामाच्या आड लपण्याची आमची इच्छा नाही.

सिस्टरांनी तिच्याकडून तीनदा करवून घेतले. कवच उघडताना होणारा कट्ट असा आवाज, श्वास ओढताना आत फिरणाऱ्या कॅप्सूलचा खुळखुळाट, मग चूळ भरणे. 'समजले का?' असे त्यांनी एकदाही विचारले नाही. आम्ही हा प्रश्न दिवसातून निदान वीस वेळा विचारतो, आणि त्याचे उत्तर नेहमी 'हो सर' असे येते.

आता त्या 'सुट्टी' शब्दाविषयी. इंग्रजीतला 'डिस्चार्ज' आपण उचलला खरा, पण लोकांच्या तोंडी आहे ती सुट्टीच. सुट्टी म्हणजे सुटका. शाळेतून, नोकरीतून, बंधनातून. दवाखान्यातून सुट्टी झालेल्या माणसाला भेटायला लोक येतात, चहा होतो, कोणी नारळ फोडतात. काविळीला, मोडलेल्या हाडाला, अपेंडिक्सला हा शब्द शोभतो. दम्याला शोभत नाही, कारण तिथे संपलेला असतो तो झटका, रोग नव्हे. मोठीआईचा 'आखीन कायले जायचं' हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. आपण तिच्यापुढे ठेवलेल्या शब्दाचा तिने केलेला तो बरोबर अर्थ होता.

गंमत अशी की आपल्या परंपरेत याहून नेमका शब्द होता. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी 'तमक श्वास' म्हणजे बहुतांशी आजचा दमा. आभाळ आले, पाऊस-गारठा पडला की वाढणारा, झोपू न देणारा, बसले की थोडा उतार देणारा. ज्याने हे लिहिले त्याने पहाटे तीन वाजता अशा रोग्याजवळ बसून काढली असली पाहिजे. हा रोग साध्य की असाध्य? नवा असेल तर साध्य होऊ शकतो, एरवी तो 'याप्य' आहे, असे तिथे म्हटले आहे. याप्य म्हणजे जो बरा होत नाही, पण उपचार चालू असेपर्यंत माणसाला जगू देतो, आणि उपचार थांबला की उलटतो. सुश्रुताने त्याला दिलेली उपमा आम्हां विदर्भातल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही: पडायला आलेल्या घराला नीट लावलेला टेकू. घर नवे होत नाही, उभे राहते. टेकू काढणाऱ्याला मात्र घर अंगावर घ्यावे लागते. हा शब्द मराठीत रुळला असता तर! आपण विद्यापीठांत कितीतरी पारिभाषिक शब्द पाडले, त्यांतले बरेचसे पाडणाऱ्याबरोबरच गेले. आणि हा आयता होता.

अर्थात, शब्द असता म्हणून कॅप्सूल यंत्रात गेली असती असे नाही. आम्हांला शब्दांचे वजन जरा जास्तच वाटते, हा आमच्या धंद्याचा दोष आहे.

मोठीआईच्या स्मरणशक्तीला दोष देता येत नाही. १९९० च्या दशकात ती हैदराबादला जाऊन माशाचे औषध घेऊन आली होती. बल्लारशावरून रेल्वेने एका रात्रीचा प्रवास. मृगाच्या सुमारास, जून महिन्यात, तेथील बथिनी कुटुंब पिवळसर लेप तोंडात घातलेला जिवंत लहान मासा दमेकऱ्यांना गिळायला देते; हजारोंची रांग असते. त्याचा दम्यावर गुण येतो असे वैद्यकीय शास्त्राला आढळलेले नाही, आणि मोठीआईलाही तो आला नाही. पण पंचेचाळीस दिवसांचे पथ्य, काय खायचे, काय नाही, आणि सलग तीन वर्षे यायचे, हे सर्व तिला आजही मुखोद्गत आहे. तिथे दिलेली सूचना तिच्या भाषेत नव्हती, लिहून तर मुळीच दिली नव्हती. तरी ती तीस वर्षे टिकली. आमची सूचना गाडी गावात पोचेपर्यंत टिकली ती चुकीच्या रूपात. एक निरर्थक उपाय आपली संहिता रोग्याच्या अंगात इतकी खोल कोरू शकतो आणि गुणकारी उपाय मात्र चिठ्ठीच्या तळाशी जागा उरेल तिथे बसतो, याचा विचार आम्ही बरेच दिवस करत होतो.

पण आधुनिक वैद्यकाला हे जमतच नाही, असेही नाही. उत्तर शोधायला लांब जायला नको, वैनगंगेचा पूल ओलांडला तरी पुरे. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस बालकांच्या न्यूमोनियाने होणाऱ्या मृत्यूंवर तिथे काम सुरू झाले. न्यूमोनिया ओळखायची खूण साधी होती: मूल मिनिटाला किती श्वास घेते? पण मोजायचे कोणी? गावातल्या सुइणी अक्षरशत्रू, आणि पन्नासपर्यंत आकडे अनेकींना येत नव्हते. तेव्हा सुइणींना आकडे शिकवण्याऐवजी त्यांच्यासाठी श्वास मोजायचे एक साधन तयार करण्यात आले: वेळ सांगणारी वाळूची घटिका आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मणी ठरावीक खुणेपलीकडे गेले की मूल आजारी. दहापर्यंत मोजता आले की पुरे. गावपातळीवरील त्या कामाने बालमृत्यू घटले, याचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूमोनिया आणि दमा हे वेगळे रोग आहेत, बालक आणि सत्तरीची बाई यांतही फरक आहे. पण वाचकाला संहितेपर्यंत ओढून नेण्याऐवजी संहिता वाचकाच्या बोटांपर्यंत नेता येते, हे याच जंगलात कोणीतरी करून दाखवले होते. वाचककेंद्री समीक्षेवर आम्ही जे निबंध वाचले त्यांत हे उदाहरण कुठे आले नाही. येण्याचे कारणही नव्हते.

मोजण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. अमेरिकेत २०१२ पासून, काही ठरावीक रोगांचे रुग्ण तीस दिवसांच्या आत पुन्हा भरती झाले तर रुग्णालयाला मिळणारा सरकारी पैसा कापला जातो. त्या यादीत हृदयविकार आहे, न्यूमोनिया आहे, पुढे २०१४ मध्ये धूम्रपान वगैरेंनी होणारा फुप्फुसांचा जुनाट विकारही आला. त्या धोरणाचे गुणदोष तिकडचे लोक जाणोत. आम्हांला त्यातली एक कल्पना लक्षणीय वाटली: रोगी घरी गेल्यावर काय झाले, हा रुग्णालयाच्या कथेचाच भाग आहे, आणि कथा सुट्टीच्या कागदापाशी थांबवता येत नाही. आमच्या मोठीआईची दुसरी भरती मात्र पहिलीशी कुठल्याच वहीत जोडली गेली नाही. पहिला दवाखाना चंद्रपुरात, खाजगी. दुसरा गडचिरोलीत, सरकारी. पहिल्याच्या वहीत ती बरी होऊन गेलेली बाई आहे. दुसऱ्याच्या वहीत ती नवी रुग्ण आहे. जिल्हे दोन, वह्या दोन, आणि मधून वैनगंगा वाहते. पुनर्भरती हा शब्द उच्चारायलासुद्धा कोणीतरी आपल्याला ओळखावे लागते.

आणि ही तर पुलाजवळच्या गावाची गोष्ट. भामरागडकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पलीकडचा माणूस पलीकडेच राहतो. त्याची दुसरी भरती होत नाही, कारण तो पोचतच नाही. तिथे कागद मराठीत लिहून दिला तरी तो माडिया बोलणाऱ्या घरात जातो. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याच्या बाजूला बंगाली. जागतिक रोगभाराच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक. हे दोन आकडे आम्ही शेजारी ठेवतो तेव्हा आम्हांला त्यांच्यामध्ये मोठीआईचा पाण्याचा पेला दिसतो.

चंद्रपूरच्या वाचकांना एव्हाना वाटले असेल की औष्णिक केंद्राचा आणि कोळसाखाणींचा उल्लेख अजून कसा आला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात ८३.८८ गुण मिळवून आमचे शहर देशात चौथे आले होते, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी आम्ही रोज झटकतो. तो एक स्वतंत्र लेखाचा, आणि लेखापेक्षा जास्त कशाचा तरी विषय आहे. पण या वेळी तो दोषी नव्हता. मोठीआईचे गाव त्या चिमण्यांपासून पन्नास-साठ किलोमीटरांवर आहे. दम्याचे नाव निघाले की आम्ही शहरातली मंडळी लगेच चिमणीकडे बोट दाखवतो. त्या बोटाला एक सवय लागली आहे, आणि त्यामुळे ते स्वतःकडे वळायचे विसरते.

दुसऱ्यांदा सुट्टी झाली तेव्हा मोह संपत आला होता. मोठीआईने किती नुकसान झाले ते पायलीच्या हिशेबात आम्हांला ऐकवले. आम्ही तिला चंद्रपूरला चल म्हटले, ती नाही म्हणाली. हा संवाद दरवर्षी होतो. यंत्र तिने पानाच्या डब्यात ठेवले. आम्हांला तो आधी अस्वच्छपणा वाटला, मग लक्षात आले की दिवसातून दोनदा न चुकता उघडली जाणारी घरातली ती एकच पेटी आहे. सातव्या दिवशी आम्ही रजा काढून गेलो. तिने आम्हांला न सांगता यंत्र काढले आणि शिक्षकाच्या नजरेने आमच्याकडे पाहत एकदा सगळे करून दाखवले.

त्या दिवशी आम्ही एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सूचना लिहिल्या, आणि तिला अक्षरे येत नाहीत म्हणून शेजारच्या सातवीतल्या मुलीकडून चित्रे काढून घेतली. सूर्य, चंद्र, यंत्र, उघडे तोंड, पाण्याच्या पेल्यावर लाल फुली. पुठ्ठा चुलीपासून लांब, देवळीत लावला. आमच्या आजवरच्या लेखनात एवढा नेमका मजकूर दुसरा नाही, असे वाटून आम्ही जरा खूशही झालो होतो.

जूनमध्ये पुन्हा गेलो तेव्हा देवळी रिकामी होती. पुठ्ठा कुठे गेला म्हणून विचारले. मोठीआई म्हणाली, पलीकडच्या आळीतल्या बाईने नेला, तिच्या नवऱ्यालाही दमा आहे. आम्ही त्यांच्या घरी गेलो. पुठ्ठा भिंतीवर खिळा ठोकून लावला होता. नवरा खाटेवर बसून, चित्रात दाखवल्याबरहुकूम, तोंड उघडून श्वास ओढून दाखवू लागला. त्याच्या उशाशी होता तो दाबून फवारा सोडायचा पंप, आणि तोही तात्पुरता आराम देणाऱ्या औषधाचा. आम्ही खाली बसलो आणि त्याला म्हणालो, "भाऊ, हा कसा घेता, दाखवा बरं."